नॉरहेडे येथील बूस्ट कंट्रोलर अभ्यासमंडळ

एकट्या माणसाने घेतलेला निर्णय चुकू शकतो. चार माणसांनी मिळून घ्यायला घेतलेला निर्णय चुकूच शकत नाही, कारण तो पुढच्या सभेपर्यंत घेतला जात नाही आणि पुढच्या सभेनंतरही एक सभा असतेच. स्वीडनमध्ये हे कोणी बोलून दाखवत नाही. श्वास घेतो हे तरी कोण बोलून दाखवतं? पण पूल, शाळा आणि शेजाऱ्याच्या कुंपणाची उंची याच तत्त्वावर पक्की उभी आहे. हेल्सिंगलँडातल्या नॉरहेडे या गावी हे तत्त्व एका गाडीच्या इंजिनापर्यंत कसं पोहोचलं, त्याची ही हकिकत.

गाडी सिक्स्टन हेडलुंडची. सिक्स्टन लाकूड कापायच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो. वय पन्नाशीच्या पुढे, बायको वेगळी होऊन किनाऱ्याकडच्या गावी राहते (दोघेही त्यामुळे सुखात आहेत), आणि स्वभाव इतका समंजस की रांगेत कोणी पुढे घुसलं तर हा एक पाऊल मागे सरकून त्याला नीट उभं राहायला जागा करून देतो. गाडी जुनी, चौकोनी, मागे कपाट झोपवता येईल एवढी जागा असलेली, आणि टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात कोंबतो, त्यामुळे पेट्रोल जास्त जळतं आणि गाडी जास्त ओढते. घरात नुसता वाया जाणारा राग जात्याला जोडून त्यावर पीठ दळून घ्यावं, तसा हा प्रकार आहे.

हवेचा हा दाब किती असावा ते गाडी बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेलं असतं, आणि ते सावध लोक असतात. दाब वाढवायचा तर बूस्ट कंट्रोलर नावाची मुठीत मावणारी वस्तू मध्ये बसवावी लागते. ती दोन प्रकारची मिळते. एक हाताची : पितळी झडप, आत स्प्रिंग आणि छर्रा, बाहेर पिळायला खुंटी. दुसरी विजेची : काळी डबी, वायरी, आणि समोर आकडे दाखवणारा छोटा पडदा. दोन्ही चालतात. अति केलं तर दोन्हींनी इंजिन फुटतं. विषय एवढाच आहे आणि तो समजायला वाचकाला एक परिच्छेद लागला. नॉरहेडेला दोन हिवाळे लागले.

सिक्स्टनला ही वस्तू हवी होती ती मुलीसाठी. गावाबाहेर लष्कराने टाकून दिलेली जुनी धावपट्टी आहे. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तिथे गाड्या जोडीजोडीने उभ्या करून पळवतात. इल्वाला उशीवर बसल्याशिवाय काचेबाहेरचं दिसत नव्हतं, तेव्हापासून ती त्या दिवशी हेल्मेट घालून बापाच्या शेजारी बसते. दरवर्षी त्यांची जोडी पाव पोहोचवणाऱ्या टूरवाल्डबरोबर लागते, दरवर्षी टूरवाल्ड जिंकतो, आणि दरवर्षी बापलेक तिथेच सॉसेज खाऊन घरी येतात. हरण्याचं दुःख दोघांनाही नव्हतं. फक्त दोन वर्षांपूर्वी परतताना इल्वा म्हणाली होती, "एकदा तरी पाठ सीटला चिकटली पाहिजे हां, पप्पा." आता इल्वाला योटेबोरीच्या बंदरात क्रेन चालवायची नोकरी लागली होती. येत्या शर्यतीनंतर, रविवारच्या रेल्वेने ती जाणार होती. म्हणजे पाठ चिकटायची तर याच शनिवारी, नाहीतर राहिली ती राहिलीच.

दुसरा कोणी असता तर त्याने वस्तू विकत आणून बसवली असती. सिक्स्टनने तसं ठरवलंही होतं. पण दोन वर्षांपूर्वीच्या त्याच आठवड्यात कचरा वेगळा करायच्या केंद्रावर, रंगीत काच आणि पांढरी काच यांच्या मधोमध, त्याला गुनवोर भेटली आणि त्याने ते तिला सांगितलं.

गुनवोर गावच्या पोहण्याच्या तलावाची निवृत्त व्यवस्थापक. माणूस बुडताना दिसला की आधी शिट्टी वाजवायची, मग नियम वाचून दाखवायचा आणि मग उडी मारायची, हा क्रम तिनेच बसवून दिलेला. गावातली सगळी अभ्यासमंडळं ती चालवते. शेवाळ ओळखण्याचं मंडळ तिचं, लेस विणण्याचं तिचं, आणि "वादळानंतर शेजाऱ्याशी कसे बोलावे" हेही तिचंच. (शेवटच्या मंडळाची सांगता झाली तेव्हा सदस्य एकमेकांशी बोलत नव्हते. वादळ मात्र आलं नव्हतं.) तिने सिक्स्टनचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि हे तू एकटाच ठरवणार आहेस?" तिने विचारलं.

सिक्स्टनला आपण रस्त्यात कपडे काढून उभे आहोत असं वाटलं. पुढच्याच बुधवारी सामुदायिक घराच्या मागच्या खोलीत मंडळाची पहिली सभा भरली.

सदस्यांची निवड काटेकोर झाली. आल्गोट वीजमंडळातून निवृत्त झालेला, घरातलं सॉना फोनवरून तापवणारा, आणि तापलं की नाही तेही फोनवरच पाहणारा. हिल्डिंग पूर्वी कुलपं दुरुस्त करायचा. अंगठ्याखाली टक् असा आवाज होत नाही त्या वस्तूवर त्याचा विश्वास नाही. दोघांकडेही टर्बो गाडी नाही. आल्गोटकडे साधी गाडी आहे, हिल्डिंगकडे गवत कापायचं यंत्र. गुनवोर सायकलने येते. गाडी नसलेला माणूसच गाडीबद्दल थंड डोक्याने विचार करू शकतो हे उघड आहे, आणि या कसोटीवर मंडळाचं डोकं अत्यंत थंड होतं.

सिक्स्टनच्या बाबतीत मात्र अडचण होती. गाडी त्याची. बूस्ट कंट्रोलर बसणार त्याच्या गाडीत, फायदा होणार त्याचा, इंजिन फुटलं तर फुटणार त्याचं. एखाद्या निर्णयात इतके हितसंबंध असलेला माणूस नॉरहेडेच्या इतिहासात झाला नव्हता. त्याला मतदानातून वगळावं अशी सूचना गुनवोरने अतिशय हळुवारपणे मांडली. सिक्स्टनला मुद्दा पटला. त्याने स्वतःच हात वर करून अनुमोदन दिलं, आणि मंडळातलं त्याचं ते पहिलं आणि शेवटचं मत ठरलं. त्यानंतर त्याच्याकडे कॉफी आणि दालचिनीचे बन हे खातं सोपवण्यात आलं. ते त्याने निष्ठेने सांभाळलं.

दुसऱ्या सभेत गाडीला "अभ्याससामग्री" असा दर्जा मिळाला. अभ्यास चालू असताना सामग्रीत बदल होता कामा नये, हे शेवाळाच्या मंडळापासून सिद्धच होतं (तिथे एका सदस्याने नमुन्याला पाणी घातलं होतं आणि तो नमुना दुसऱ्याच जातीचा निघाला होता). म्हणून गाडी सामुदायिक घराच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली आणि सिक्स्टन कामावर सायकलने जाऊ लागला. बर्फ पडलं की पायाने ढकलायच्या घसरगाडीवर जाई. तब्येतीला ते मानवलं, असं इतिवृत्तात नमूद आहे. शर्यतीच्या दिवशी तेवढी ताडपत्री सुटे आणि गाडी आहे तशी नेऊन, हरून, आहे तशी परत आणून लावायची परवानगी मिळे.

आता मतदानाचा हक्क असलेले उरले दोघे, आणि कंट्रोलर दोन प्रकारचे. आल्गोट विजेच्या बाजूचा, हिल्डिंग हाताच्या. गुनवोरकडे निर्णायक मत होतं. पण ते वापरलं तर कोणीतरी हरेल, आणि मंडळ म्हणजे काही शर्यत नव्हे, अशी तिची भूमिका होती. चर्चा मात्र झाली. भरपूर झाली.

"वीज गेली की तुझी डबी काय करणार?" हिल्डिंग विचारायचा.

"चालत्या गाडीतली वीज जात नाही रे."

"माझ्या मेव्हण्याची गेली होती."

"तुझ्या मेव्हण्याने बॅटरीच काढून ठेवली होती."

"मग मी दुसरं काय म्हणतोय?" असं म्हणून हिल्डिंग बन उचलायचा आणि त्याचा मुद्दा इतिवृत्तात जायचा.

पहिल्या हिवाळ्यात "दाब" या विषयाची तोंडओळख म्हणून मंडळाने धरणाला भेट दिली. धरण मोठं होतं. दुसऱ्या हिवाळ्यात दोन्ही वस्तूंचे नमुने मागवले आणि धूळ बसू नये म्हणून सभेच्या टेबलावर चीजवरच्या काचेच्या झाकणाखाली शेजारीशेजारी ठेवले. खुंटी पिळायची ती कोणत्या दिशेने, यासाठी हिल्डिंगची पोटसमिती नेमली. तीत हिल्डिंग एकटाच होता आणि तिथेही एकमत झालं नाही. मंडळाच्या वेळेचा हिशेब लावला तर निम्मा वेळ मागच्या सभेचं इतिवृत्त वाचण्यात गेला, उरलेल्याचा निम्मा ते दुरुस्त करण्यात, आणि बाकीचा कॉफीत. टीका करणं सोपं असतं. पण या काळात नॉरहेडेमध्ये चुकीच्या बूस्ट कंट्रोलरमुळे एकही इंजिन फुटलं नाही, हे कोणालाही नाकारता येणार नाही.

इल्वाने घरी एकदाच विषय काढला होता. बाप ओट्यापाशी पीठ मळत होता, उद्याच्या सभेचं.

"पप्पा, गाडी कोणाची आहे?"

"माझी," सिक्स्टन म्हणाला. "म्हणूनच तर."

उत्तर देताना त्याला ते बरोबर वाटलं होतं. नंतर अंथरुणात पडल्यावर तेवढं वाटलं नाही.

त्या शेवटच्या शनिवारी सकाळी गुनवोरने मोठ्या मनाने विशेष सभा बोलावली. विषय एकच : शर्यतीपुरती सामग्री कंट्रोलर बसवून द्यावी काय. आल्गोट म्हणाला, जरूर द्यावी, विजेचा बसवून. हिल्डिंग म्हणाला, आनंदाने द्यावी, हाताचा बसवून. बरं, दरवर्षीप्रमाणे काहीच न बसवता द्यावी, तर विषय इतका पुढे आल्यावर ती एक तिसरी भूमिका झाली असती, आणि तिसऱ्या भूमिकेचा अभ्यास झालेला नव्हता. त्यामुळे गाडी अंगणातच राहावी, यावर प्रथमच दोघांचं एकमत होताना दिसत होतं. सिक्स्टन कॉफीच्या किटलीजवळ उभा होता. इल्वा दारात उभी होती, हातात दोन हेल्मेटं घेऊन.

"पप्पा, तुला काय हवंय?" तिने विचारलं.

"मला मत नाही, इल्वा. तुला माहितीये ना."

"मत नाही विचारत. काय हवंय ते विचारतेय."

दोन हिवाळ्यांच्या चर्चेत हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता, त्यामुळे त्याला उत्तर देण्याची पद्धतही ठरलेली नव्हती. सिक्स्टनने किटली खाली ठेवली.

"तू शेजारी बसायला हवीस," तो म्हणाला. "अजून एकदा. आणि गाडी पळायला हवी."

इल्वा टेबलाशी आली, तिने चीजचं झाकण उचललं आणि दोहोंतली एक वस्तू घेतली.

"हे विषयपत्रिकेत नाही," गुनवोर म्हणाली.

"माहितीये, गुनवोर. झाकण परत ठेवते," असं म्हणून तिने ते ठेवलं आणि ती अंगणात गेली.

इल्वाला या कामातलं फारसं काही येत नव्हतं. फोनवर कोणी फिनलंडचा माणूस हेच काम करून दाखवत होता. ती ते बघत, थांबवत, मागे नेत, शिव्या देत करत होती. मंडळ बाहेर येऊन उभं राहिलं. थोड्या वेळाने आल्गोट फोन धरायला पुढे झाला (आपल्या भूमिकेला बाध न आणता). हिल्डिंगने आपल्या टोपीत स्क्रू सांभाळले (मत राखून ठेवून). गुनवोरने कशालाही हात लावला नाही, पण ताडपत्रीची घडी घातली, आणि ती फार नीट घातली.

धावपट्टीवर नेहमीप्रमाणे टूरवाल्ड शेजारी येऊन लागला. त्याने नेहमीप्रमाणे हात केला. हिरवा दिवा लागला. पहिल्या गिअरमध्ये काही विशेष झालं नाही, आणि सिक्स्टनच्या मनात आलं की दोन हिवाळे फुकट गेले. मग दुसरा पडला. पुढे कुठेतरी शिट्टीसारखा आवाज चढत गेला आणि गाडीने मागून धक्का दिला. त्या दोघांच्या पाठी सीटला चिकटल्या. इल्वा हेल्मेटमध्ये काहीतरी ओरडत होती. टूरवाल्डची गाडी शेजारून मागे गेली, मग आरशात गेली. सिक्स्टनला आनंद झाला. याला दुसरा शब्द नाही. पन्नाशी उलटलेल्या, रांगेत मागे सरकणाऱ्या माणसाला, कोणाचीही परवानगी नसताना, पोटातून आनंद झाला.

मग फट्ट असा आवाज आला. वाढलेल्या दाबाने इंजिनाकडे हवा नेणारी जाड नळी क्लिपमधून निसटली होती. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. उरलेलं अंतर गाडी अगदी शांतपणे, गडगडत, आपल्याच वेगाने गेली. टूरवाल्ड वाटेत त्यांना मागे टाकून गेला आणि जाताना त्याने पुन्हा हात केला.

पट्टीच्या टोकाला गाडी थांबली. इल्वा हसत होती, हसता हसता तिला ठसका लागला होता.

"चिकटली," ती म्हणाली. "पाठ चिकटली, पप्पा."

"तू जाऊ नयेस असं वाटतं मला," सिक्स्टन म्हणाला. अशी गोष्ट सभेत बोलली असती तर आधी पोटसमितीकडे गेली असती. इथे ती सरळ बोलली गेली.

"मला पण वाटतं. पण पप्पा, ती क्रेन केवढी आहे माहितीये?" मग दोघं उतरली आणि त्यांनी गाडी सॉसेजच्या टपरीपर्यंत ढकलत नेली. रविवारी तो तिला स्टेशनवर सोडून आला. गाडीने नेलं, कारण नळी त्याने पुन्हा चढवली होती. येताना शेजारच्या सीटवर हेल्मेट होतं, ते वळणावर पडू नये म्हणून तो हळू आला.

बुधवारी मंडळाने घटनेचा आढावा घेतला. निष्कर्ष एकमुखी निघाला : घाई झाली. कंट्रोलर, मग तो कोणताही असो, निर्दोष ठरला; दोष क्लिपचा. क्लिपही दोन प्रकारची मिळते, स्क्रूने आवळायची आणि स्प्रिंगची, आणि आल्गोट व हिल्डिंग यांची त्याबाबतची मतं लगेच स्पष्ट झाली. येत्या हिवाळ्याची ददात मिटली. प्रत्यक्ष अनुभव म्हणून सिक्स्टनलाही निवेदन करायला सांगितलं. त्याने सांगितलं की छान वाटलं. पण शर्यतीच्या वेळी तो स्वतः गाडीत बसलेला असल्यामुळे त्याचं म्हणणं एकतर्फी ठरलं आणि इतिवृत्तातून वगळलं गेलं.

सिक्स्टनने सगळ्यांचे मनापासून आभार मानले, ताडपत्रीची घडी गुनवोरला परत दिली आणि गाडी घेऊन घरी गेला. पुन्हा आला नाही. सभा संपण्याआधी उठून जाणारा नॉरहेडेमधला तो पहिलाच माणूस. लोक त्याबद्दल हळू आवाजात आणि थोड्या हेव्याने बोलतात.

मंडळापुढे मात्र पेच उभा राहिला. नियमाप्रमाणे प्रमुख सोडून किमान तीन सदस्य लागतात, नाहीतर खोली मिळत नाही. गुनवोरने जागेसाठी पात्रता ठरवली : उमेदवाराकडे टर्बो गाडी नसावी, निर्णयात त्याचं स्वतःचं काहीही पणाला लागलेलं नसावं, तरीही त्याला विषयात रस असावा आणि शेवटपर्यंत बसून राहायची चिकाटी असावी. असा माणूस नॉरहेडेत मिळेना.

इल्वाने झाकणाखालून हाताचा कंट्रोलर उचलला की विजेचा, हे वर कुठेही लिहिलेलं नाही. एक मुलगी घर सोडून गेली, एक बाप रिकाम्या सीटशेजारी बसून घरी आला, आणि तुम्हाला अजूनही तेवढंच जाणून घ्यायचं आहे. शिवाय कोणता उचलायला हवा होता याबद्दल तुमचं मतही एव्हाना बनलेलं आहे. तिसऱ्या सदस्याच्या जागी तुमचं नाव घातलं आहे. बुधवारी वेळेवर या, आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जाईल.